खटल्याच्या तारखा, गर्भाचे आठवडे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी 'रो विरुद्ध वेड' या खटल्याचा निकाल दिला, तेव्हा जिच्या नावाने तो लढला गेला तिचं मूल अडीच वर्षांचं झालं होतं. नॉर्मा मॅकॉर्वी ही टेक्सासमधली तरुणी 'जेन रो' हे टोपणनाव घेऊन मार्च १९७० मध्ये न्यायालयात गेली. जूनमध्ये ती बाळंत झाली. मूल दत्तक दिलं गेलं. खटला मात्र पुढे चालत राहिला. गर्भपाताचा हक्क देणारा निकाल म्हणून तो जगभर गाजला, पण ज्या बाईने तो हक्क मागितला होता तिला स्वतःला तो कधी वापरता आला नाही.

निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. न्यायाधीश होण्याआधी ते मेयो क्लिनिकचे कायदेशीर सल्लागार होते. डॉक्टरांच्या जगाशी त्यांचा जवळून परिचय होता. मानवी गर्भारपण २६६ दिवसांचं, अपिलांचा प्रवास त्याहून लांबचा. बाळंतपण झालं म्हणजे वाद संपला असं धरलं, तर हा प्रश्न वरच्या न्यायालयापर्यंत कधी पोचणारच नाही, असं त्यांनी निकालपत्रात नोंदवलं आणि मूल जन्मल्यानंतरही खटला जिवंत मानला. गर्भपातावरच्या पन्नास वर्षांच्या कायदेशीर चर्चेत या नोंदीकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. धर्म, नीती, स्वातंत्र्य, जीव कधी सुरू होतो, यांवर ग्रंथ झाले. दिवस मोजायचे मात्र राहून गेले.

आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली कादंबरी याच २६६ दिवसांतल्या मोजक्या आठवड्यांची आहे. रिचर्ड नॉर्थ पॅटरसन यांची 'प्रोटेक्ट अँड डिफेंड' २००० साली प्रसिद्ध झाली. शीर्षक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेतून घेतलेलं आहे. मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. जॉन ग्रिशॅमच्या कादंबऱ्यांचे अनुवाद आपल्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षं हातोहात फिरत आले आहेत. धाडसी तरुण वकील, बलाढ्य प्रतिपक्ष, शेवटच्या क्षणी सापडणारा पुरावा, असा त्यांचा ओळखीचा साचा असतो. पॅटरसन हे स्वतः कोर्टात उभे राहिलेले वकील. वॉटरगेट प्रकरणाच्या काळात ते अमेरिकेच्या रोखे आयोगात होते आणि आयोगाच्या वतीने विशेष अभियोक्त्याच्या कार्यालयाशी समन्वय ठेवत होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी वकिली केली. 'द लास्को टँजंट' ही त्यांची पहिली कादंबरी १९७९ ची. रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार तिला मिळाला. त्यामुळे साक्ष कशी काढतात, न्यायाधीशाच्या दालनात दोन वकील काय बोलतात, अपील दाखल करायला रात्र कशी जागवावी लागते, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

कादंबरीची सुरुवात राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीने होते. केरी किलकॅनन हा आयरिश कॅथलिक घरातला डेमोक्रॅट नेता नुकताच निवडून आला आहे. त्याला शपथ देणारे सरन्यायाधीश त्याच दिवशी मरण पावतात. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर किलकॅनन कॅरोलिन मास्टर्स या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अपील न्यायालयाच्या न्यायाधीशबाईंचं नाव सुचवतो. अमेरिकेला आजवर एकही महिला सरन्यायाधीश मिळालेली नाही. कादंबरीपुरती ती शक्यता उभी राहते. मास्टर्सबाईंच्या पूर्वायुष्यात एक गुपित आहे. तरुणपणी त्यांनी एका मुलीला जन्म दिला आणि ती मुलगी बहिणीच्या घरी बहिणीची म्हणून वाढली. पॅटरसन यांची १९९५ ची 'द फायनल जजमेंट' वाचलेल्यांना हे आधीच ठाऊक असतं. गर्भपात टाळून मूल जन्माला घालणारी ही बाई गर्भपाताच्या हक्काबद्दल काय म्हणेल, या प्रश्नाभोवती वॉशिंग्टनमधलं निम्मं राजकारण फिरतं.

उरलेला अर्धा भाग सॅन फ्रान्सिस्कोत घडतो आणि कादंबरीचा जीव तिथे आहे. मेरी अ‍ॅन टिअर्नी पंधरा वर्षांची आहे. साडेपाच महिन्यांचं पोट. गर्भाच्या डोक्यात पाणी साठलेलं, मूल जगण्याची आशा जवळपास नाही. डोकं मोठं झाल्यामुळे पोट फाडून बाळंतपण करावं लागणार आणि त्यातून तिला पुढे मूल होण्याची शक्यता धोक्यात येऊ शकते. तिचे आईवडील गर्भपाताच्या विरोधात रस्त्यावर उतरणारे, त्यासाठी आयुष्य वाहिलेले. नव्या कायद्यानुसार इतक्या उशिरा अल्पवयीन मुलीला गर्भपात करायचा तर पालकांची संमती हवी. ती नसेल तर न्यायालयात जाऊन आपल्या शरीराला गंभीर धोका आहे हे सिद्ध करायला हवं. मेरी अ‍ॅन सारा डॅश या तरुण वकिलाकडे येते. सारा पूर्वी मास्टर्सबाईंच्या हाताखाली काम केलेली. खटला उभा राहतो आणि मुलीचा बाप आपल्या न जन्मलेल्या नातवाच्या वतीने त्यात हस्तक्षेप करतो.

इथे पॅटरसन यांनी जे केलं त्याबद्दल त्यांचा मान राखायला हवा. या बापाचा त्यांनी खलनायक केलेला नाही. मार्टिन टिअर्नी सुशिक्षित आहे, सभ्य आहे, मुलीवर त्याचं मनापासून प्रेम आहे. मृत्युदंडालाही त्याचा विरोध आहे. जीव घेण्याचा अधिकार कुणालाच नाही, हे त्याचं मत सोयीचं नाही, तो ते सगळीकडे लावतो. त्याच्या तोंडची वाक्यं वाचताना गर्भपाताच्या बाजूचा वाचकही अस्वस्थ होतो. आपल्या मुलीला दूरच्या भविष्यात काय वाटेल याची त्याला काळजी आहे. मुलीला मात्र येत्या मंगळवारी काय होणार याची. दोघं एकाच दालनात, वकिलांच्या दोन टेबलांवर समोरासमोर बसतात. ज्या घरात रात्री एकत्र प्रार्थना होत असे त्या घराची भाषा आता शपथपत्रांत उतरते. कादंबरीतले हे प्रसंग अतिशय उत्तम आहेत, असं निःसंकोच म्हणता येईल.

आणि या सगळ्या काळात पोट वाढत राहतं. जिल्हा न्यायालयातली सुनावणी, साक्षी, उलटतपासण्या, मग अपील, मग मोठ्या पीठापुढे पुन्हा अपील. प्रत्येक टप्प्यावर काही दिवस जातात आणि प्रत्येक दिवस गेला की वैद्यकीय प्रश्न बदलतो. चोविसाव्या आठवड्यात जे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने एक काम असतं, ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात दुसरंच होऊन बसतं. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ साक्षीदार जे सांगतात तेही महिन्याभरात शिळं होतं. थरारकथांमध्ये घड्याळ लागतंच. बाँब फुटायला इतके तास, फाशीला इतके दिवस. लेखक ते कथेत बसवतो, वाचकाला ते जाणवतं आणि तो पानं उलटत राहतो. गर्भपाताच्या खटल्यात असं काही बसवावं लागत नाही. घड्याळ त्या मुलीच्या शरीरातच असतं. म्हणून हा विषय आणि कोर्टातल्या थरारकथेचा हा घाट एकमेकांसाठीच असावेत असे जुळतात. पॅटरसन यांच्या कादंबरीची खरी ताकद त्यांच्या मतांत नसून या जुळणीत आहे, असं या व्याख्यानाचं म्हणणं आहे.

कादंबरी लिहिली जात होती त्या काळाकडे एकदा पाहायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये अल्पवयीन मुलीच्या गर्भपातावर पालकांना सरसकट नकाराधिकार देता येणार नाही असं ठरवलं होतं. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या 'बेलॉटी विरुद्ध बेअर्ड' खटल्यात न्यायालयाने वाट आखून दिली. राज्याला पालकांची संमती सक्तीची करायची असेल, तर मुलीला थेट न्यायाधीशाकडे जाण्याची सोय द्यायला हवी. आपण हा निर्णय घेण्याइतक्या शहाण्या आहोत, किंवा गर्भपात आपल्या हिताचा आहे, हे तिने तिथे दाखवायचं. नाव गुप्त ठेवायचं आणि काम वेळेत उरकायचं. १९९२ च्या 'प्लॅन्ड पॅरेंटहुड विरुद्ध केसी' निकालात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी 'रो'चा गाभा टिकवला, नवऱ्याला कळवण्याची सक्ती रद्द केली, पण पालकांच्या संमतीची अट मान्य केली. जून २००० मध्ये नेब्रास्काचा एका विशिष्ट पद्धतीच्या गर्भपातावरचा बंदी कायदा याच फरकाने, पाच विरुद्ध चार, रद्द झाला. एका मताने इकडचं तिकडे होऊ शकत होतं. म्हणून प्रत्येक न्यायाधीशाच्या नेमणुकीवर सेनेटमध्ये युद्ध पेटत होतं. रॉबर्ट बोर्क यांची नेमणूक १९८७ मध्ये ४२ विरुद्ध ५८ मतांनी फेटाळली गेली तेव्हापासूनच त्या युद्धाला तोंड फुटलं होतं.

कादंबरीत एका अल्पवयीन मुलीचा अर्ज आणि एका न्यायाधीशाची बढती एकमेकांत गुंतलेली आहे. हे जुळवून आणलेलं वाटेल. पण टेक्सासमध्ये, कादंबरी छापून येत होती त्याच वर्षी, नेमकं हेच घडत होतं. तिथल्या विधिमंडळाने १९९९ मध्ये कायदा केला की अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताआधी पालकांना कळवायला हवं. नाहीतर तिने न्यायाधीशाकडून सूट मिळवावी. कायदा १ जानेवारी २००० पासून लागू झाला आणि दोन महिन्यांच्या आत 'जेन डो' या टोपणनावाच्या एका मुलीचं प्रकरण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, अठरा पूर्ण व्हायला थोडाच अवधी होता. बहुमताने तिला सूट मिळाली. विरोधात मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती प्रिसिला ओवेन होत्या. बहुमतातल्या अल्बर्टो गोन्झालेस यांनी विरोधी मताचा अन्वयार्थ स्वीकारणं म्हणजे न्यायाधीशाने कायदा स्वतःच घडवणं ठरेल, अशा अर्थाची कठोर टिप्पणी लिहिली.

पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ओवेन यांना संघराज्याच्या अपील न्यायालयावर नेमायचं ठरवलं. गोन्झालेस तोवर राष्ट्राध्यक्षांचे कायदेशीर सल्लागार झाले होते. त्यांनी पूर्वी लिहिलेली ती टिप्पणीच डेमोक्रॅट सेनेटरांनी ओवेन यांच्याविरुद्ध वापरली. २००२ मध्ये समितीने नाव फेटाळलं, पुन्हा सुचवल्यावर चर्चा लांबवून अडवलं गेलं, आणि दोन्ही पक्षांच्या १४ सेनेटरांच्या तडजोडीनंतर मे २००५ मध्ये ५५ विरुद्ध ४३ मतांनी ओवेन न्यायाधीश झाल्या. एका शाळकरी मुलीच्या अर्जावरून चार वर्षांची ही लढाई. पॅटरसन यांनी जे कल्पनेने लिहिलं होतं, त्याला वास्तवाने इतक्या लवकर साक्ष दिली.

टेक्सासच्या त्या कायद्यातलं एक कलम मात्र या सगळ्या गाजावाजात झाकलं गेलं. मुलीने अर्ज केल्यावर न्यायालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत निर्णय द्यायचा. दिला नाही तर अर्ज मंजूर झाला असं समजायचं. गर्भपाताच्या वाटेत अडथळे उभे करायला निघालेल्या विधिमंडळानेसुद्धा न्यायाधीशाच्या हातून होणाऱ्या उशिराचा फटका मुलीला बसू नये इतकी काळजी घेतली होती. २०१५ मध्ये ही मुदत वाढवून पाच दिवसांची केली गेली आणि मंजूर मानण्याची तरतूद काढून टाकली. तेव्हापासून न्यायाधीश गप्प बसला तर त्याचा तोटा मुलीला होऊ लागला.

पॅटरसन यांच्या कादंबरीत उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. वॉशिंग्टनचा भाग वेगाने सरकतो, पण तिथली माणसं पातळ आहेत. सेनेटमधला बहुमताचा नेता इतका कारस्थानी आहे की त्याच्या तोंडी कुठलाही युक्तिवाद आला तरी वाचक त्यावर विश्वास ठेवत नाही. ओहायोचा सेनेटर चॅड पामर हा सच्चा माणूस त्याला अपवाद. त्याच्या मुलीच्या जुन्या गर्भपाताचा कागद विरोधकांच्या हाती लागतो आणि पुढे जे होतं ते सांगून वाचनाचा आनंद घालवायला नको. पण एका घराचं दुःख राजकारणात किती सहज खर्चून टाकलं जातं, हे तिथे अंगावर येतं. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. लेखकाने सर्वांत अवघड प्रसंग निवडला. अमेरिकेतले ९० टक्क्यांहून अधिक गर्भपात पहिल्या १३ आठवड्यांत होतात. २१ आठवड्यांनंतरचे साधारण एक टक्का. गर्भात गंभीर दोष, आई पंधरा वर्षांची, तिच्या पुढच्या मातृत्वाला धोका. असं सगळं एकत्र आलं की बहुतेक वाचक मुलीच्या बाजूने झुकतात. तिच्या जागी सव्वीस वर्षांची, निरोगी, नुसतं 'मला नको' म्हणणारी बाई असती तर? त्या बाईसाठी लढायची हिंमत कादंबरीने दाखवलेली नाही. कठीण प्रकरणावर जिंकलेला युक्तिवाद साध्या प्रकरणाला लागू पडेलच असं नसतं, आणि समाजातली बहुतेक प्रकरणं साधीच असतात.

कादंबरीचं राजकारण आता जुनंही झालं आहे. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीला सेनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. आणि २४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' निकालाने 'रो' आणि 'केसी' दोन्ही मोडीत काढले. वाद मिसिसिपीच्या पंधरा आठवड्यांच्या मर्यादेवरून सुरू झाला होता. त्याच राज्यातल्या जॅक्सनच्या एका गर्भपात केंद्रावर बेतलेली, लेखिका जोडी पिकोल्ट यांची 'अ स्पार्क ऑफ लाइट' २०१८ साली आली होती. ती एका दिवसाची, तासातासाने मागे सरकणारी कादंबरी आहे. तिथेही घड्याळच आहे, पण न्यायालय नाही. निकालानंतर अमेरिकेतल्या लेखकांना नवी कथा शोधावी लागली नाही. २०२३ च्या अखेरीस टेक्सासच्या केट कॉक्स यांच्या वीस आठवड्यांच्या गर्भात गुणसूत्रांचा जीवघेणा दोष आढळला होता. ५ डिसेंबरला त्यांनी गर्भपाताच्या परवानगीसाठी अर्ज केला. ७ तारखेला खालच्या न्यायाधीशाने परवानगी दिली, ८ तारखेला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ११ तारखेला परवानगी रद्द केली. तोवर त्या राज्याबाहेर निघून गेल्या होत्या. वकिलांनी कामात कसूर केली नाही, न्यायालयानेही आपल्या मानाने घाई केली. पण त्या बाईला आठवडाभर थांबणंही परवडत नव्हतं.

मराठी श्रोत्यांना इथे एक नाटक आठवल्याशिवाय राहणार नाही. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणलं, अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात, सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. एक नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळते, आरोप ठेवते भ्रूणहत्येचा, आणि खेळता खेळता तो खटला खरा होतो. बेणारे अविवाहित आहे, गरोदर आहे, आणि ज्या प्राध्यापकामुळे तिची ही अवस्था झाली तो गैरहजर आहे. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा म्हणून तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा हुकूम. तेव्हा गर्भपात हा भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाखाली गुन्हा होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला होता, गर्भपाताला मुभा देणारा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. म्हणजे नाटक आणि कायदा एकाच काळात वाढले.

पॅटरसन आणि तेंडुलकर यांची प्रतवारी लावण्यात अर्थ नाही. दोघांची पातळी वेगळी आहे आणि तेंडुलकरांचं काम कितीतरी खोल. पण एक फरक विचार करायला लावणारा आहे. तेंडुलकरांच्या कोर्टात सगळे बोलतात, बेणारे बोलत नाही. तिचं दीर्घ स्वगत येतं तेव्हा बाकीची पात्रं थिजलेली असतात; ते फक्त प्रेक्षक ऐकतात. पॅटरसन यांच्या कोर्टात पंधरा वर्षांची मुलगी आपल्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत काय हवं ते सांगते आणि तिचं म्हणणं नोंदलं जातं. कायद्यात बाईचा आवाज नोंदला जाणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्या कायद्याकडे पाहिलं की कळतं. १९७१ चा आपला कायदा उदार होता, पण त्याने निर्णय डॉक्टरांच्या मताकडे सोपवला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीसपर्यंत दोघांचं. अल्पवयीन मुलीसाठी पालकांची लेखी संमती. अमेरिकेतल्यासारखी न्यायाधीशाकडे जाण्याची वेगळी वाट त्यात नव्हती.

वीस आठवड्यांची ती भिंत मुंबईत धडकून पाहिली गेली. २००८ मध्ये एका दांपत्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलं. त्यांच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्टला न्यायालयाने परवानगी नाकारली. त्याच महिन्यात त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. डॉ. दातार यांनी मात्र लढा सोडला नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं बायका एकेकट्या उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात अर्ज घेऊन जात राहिल्या, आणि अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली; गर्भात मोठा दोष असेल तर चोवीसनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मताने परवानगी मिळू शकते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित बाईत भेद करता येणार नाही असं सांगितलं.

भारतात या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुलगी नको म्हणून केलेले गर्भपात. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. या बंदीच्या कडक अंमलबजावणीच्या धास्तीने कायदेशीर गर्भपातही नाकारणारे डॉक्टर आहेत. म्हणून इथला वाद अमेरिकेच्या साच्यात बसत नाही.

पण मेरी अ‍ॅन टिअर्नी मुंबईत २०२४ मध्ये आली. यावेळी ती कादंबरीत नव्हती. चौदा वर्षांची मुलगी, बलात्कारातून गर्भधारणा. २० मार्चला गुन्हा नोंदवला गेला तेव्हा सुमारे पंचवीस आठवडे झालेले. जे. जे. रुग्णालयाच्या मंडळाने २८ मार्चला गर्भपात करता येईल असं सांगितलं, ३ एप्रिलला आपलं मत फिरवलं, आणि ४ एप्रिलला उच्च न्यायालयाने अर्ज नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ एप्रिलला न्यायालयाने शीव रुग्णालयात नव्याने तपासणी करायला सांगितलं. २२ एप्रिलला आपल्या विशेष अधिकारात परवानगी दिली. गर्भ तोवर जवळपास तीस आठवड्यांचा झाला होता. पुढचे काही दिवस पालक आणि डॉक्टर यांच्यात बोलणं चालू राहिलं, मुलीच्या जिवाच्या काळजीने पालकांनी मन बदललं, आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. मुलीने गर्भ पूर्ण दिवस नेण्याचं ठरलं.

या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल पॅटरसन यांच्या कादंबरीशेजारी ठेवून वाचावा असा आहे. पालक आणि अल्पवयीन गर्भवती यांच्या मतांत फरक असेल तर मुलीचं म्हणणं महत्त्वाचं मानलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. वैद्यकीय मंडळाने गर्भातल्या दोषापुरतं न पाहता मुलीच्या शरीरावर आणि मनावर होणाऱ्या परिणामाबद्दलही मत द्यावं, असंही बजावलं आहे. मेरी अ‍ॅनच्या साक्षीला कादंबरीतल्या न्यायालयात जे मोल होतं, ते आता आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. तो आपल्या कायद्याच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे.

तरीही ४ एप्रिल ते २२ एप्रिल हे अठरा दिवस कुणालाच परत आणता आले नाहीत. न्यायालयाने काय ठरवलं यावर आपण पुष्कळ बोलतो. ठरवेपर्यंत काय झालं यावर बोलत नाही. मार्चअखेरीस डॉक्टर हो म्हणत होते. एप्रिलअखेरीस पालकांना हो म्हणायचं धाडस झालं नाही. मधल्या आठवड्यांनीच निर्णय घेतला, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पॅटरसन यांनी कादंबरीत रंगवलेला धोका खऱ्या आयुष्यात असा उतरतो, आवाज न करता, तारखांच्या रूपात.

२०२१ च्या सुधारित नियमांनी वैद्यकीय मंडळाला तीन दिवसांत मत द्यायला आणि पाच दिवसांत शस्त्रक्रिया पार पाडायला सांगितलं आहे. डॉक्टरांना मुदत घातली गेली, न्यायालयांना नाही. टेक्सासच्या १९९९ च्या कायद्याने न्यायाधीशाला दोन दिवसांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे तीही नाही. उच्च न्यायालयांच्या नियमावलीत अशा अर्जांसाठी स्वतंत्र, त्याच दिवशी ऐकणारं पीठ आणि निर्णयाची ठरावीक मुदत असावी, ही मागणी वकील संघटनांनी, डॉक्टरांच्या संस्थांनी आणि या सभागृहातल्या प्रत्येकाने मुंबई उच्च न्यायालयाकडे लेखी करावी. आणि ती करण्याआधी 'प्रोटेक्ट अँड डिफेंड' एकदा जरूर वाचावी.